आयसी-७३०० आणि रास्पबेरी पाय ४ : एफटी८ साठी आठ महिने वापरल्यावर

एफटी८ म्हणजे हौशी (हॅम) रेडिओवर संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत. जोडणी अशी: आयकॉम आयसी-७३०० ही रिग (रेडिओ संच), ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यावर ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस (बुकवर्म), एफटी८ चा प्रोग्राम डब्ल्यूएसजेटी-एक्स, आणि रिगपासून पायपर्यंत एकच यूएसबी केबल. या केबलीतूनच सीरियल पोर्टही मिळतो आणि साउंड कार्डही. वेगळा इंटरफेस बॉक्स लागत नाही. मुख्य काम ७.०७४ आणि १४.०७४ मेगाहर्ट्झवर, २० ते २५ वॉटवर.

सॉफ्टवेअर बसवणं हा सर्वात सोपा भाग. डेबियनच्या (पाय ओएस ज्यावर बेतलेली आहे त्या लिनक्सच्या) भांडारात डब्ल्यूएसजेटी-एक्स, एफएलडिजी (इतर डिजिटल पद्धतींसाठी), हॅमलिब (रिग नियंत्रणासाठी) सगळं तयार आहे. आवृत्ती थोडी जुनी मिळते, पण रोजच्या क्यूएसओला (दोन स्टेशनांतल्या संपर्काला) त्याने काही अडत नाही. डोकं खातात त्या गोष्टी तीनच: घड्याळ, सीरियल पोर्ट आणि आवाज.

आधी घड्याळ, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. एफटी८ चा फेरा १५ सेकंदांचा, त्यातलं प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. तुमचं घड्याळ दोन-अडीच सेकंदांनी चुकलं की वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्यावर) रेघा भरपूर दिसतात आणि डिकोड (उलगडलेले संदेश) मात्र शून्य. हे लक्षण दिसलं की अँटेना तपासत बसू नका, घड्याळ बघा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही (पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते). वीज गेली आणि परत आली की पाय राउटरच्या आधी जागा होतो आणि बंद पडतानाची जुनीच वेळ धरून बसतो. घरी इंटरनेट असेल तर क्रोनी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवा, सर्व्हर म्हणून भारताचा एनटीपी पूल (वेळ देणाऱ्या सर्व्हरांचा गट) द्या आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग' या कमांडने फरक बघा. तो काही मिलिसेकंदांत असायला हवा. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डीटी (वेळेतला फरक) रकान्यात बहुतेक स्टेशनं शून्याच्या आसपास दिसली की समजा जमलं. सगळी एकाच बाजूला एका सेकंदाने सरकलेली दिसली तर चूक तुमचीच.

डोंगरावर नेट नसेल तर डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं छोटं मॉड्यूल घ्या. जोडणी चार तारांची: ३.३ व्होल्ट पायच्या पिन १ ला, एसडीए ३ ला, एससीएल ५ ला, ग्राउंड ६ ला. मग कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी-आरटीसी ओव्हरलेची एक ओळ, म्हणजे पाय हे घड्याळ ओळखतो. याची अचूकता दशलक्षात दोन भाग, म्हणजे वाईटात वाईट दिवसाला ०.१७ सेकंद. शनिवार-रविवारच्या फील्ड डेला (उघड्यावर स्टेशन चालवण्याच्या उपक्रमाला) भरपूर, आठवडाभराच्या मोहिमेला काठावर. बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ सेल टाकून ५ व्होल्ट देऊ नका, तो सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नाही. ३.३ व्होल्टवर हा धोका उरत नाही.

आता सीरियल पोर्ट, ज्यातून संगणक रिगला हुकूम देतो. 'परवानगी नाही' असा संदेश आला तर तुमचं खातं 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट विसरल्यामुळे वाया गेलेल्या संध्याकाळी मोजल्या तर मोठी यादी होईल. दुसरं, टीटीवाययूएसबी० हे पोर्टचं नाव भरवशाचं नाही. जीपीएस किंवा दुसरी केबल लावली की ० चा १ होतो. त्याऐवजी डेव्ह फोल्डरमधल्या सीरियल, बाय-आयडी या वाटेवरचं लांबलचक नाव वापरा. ते चिपच्या ओळखीवरून ठरतं, म्हणून बदलत नाही.

लिनक्समध्ये पोर्ट उघडताच आरटीएस आणि डीटीआर या पोर्टच्या दोन्ही नियंत्रण-रेषा वर जातात (चालू होतात). रिगमध्ये 'यूएसबी सेंड' यातल्या एका रेषेवर ठेवलेलं असेल तर प्रोग्राम सुरू करताच रिग प्रक्षेपणात जाते. मेनूत सेट, कनेक्टर्समध्ये जाऊन ते ऑफ करा आणि पीटीटी (प्रक्षेपण सुरू करण्याचा इशारा) फक्त कॅटवर (सीरियल पोर्टवरून जाणाऱ्या हुकमांवर) ठेवा. नव्या पोर्टला मोडेम समजून चाचपणारा मोडेममॅनेजर हा प्रोग्राम, पायला नेटचा डोंगल लावत नसाल तर, बंदच करा. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिपची स्वस्त केबल दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल यंत्रांसाठीचं पॅकेज तिला पळवतं. ते काढलं की प्रश्न संपला.

लॉगबुक आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स दोघांनाही रिग हवी असेल तर रिगसीटीएलडी (रिग अनेक प्रोग्रामांना वाटून देणारा हॅमलिबचा प्रोग्राम) चालवा (७३०० चा मॉडेल क्रमांक ३०७३), आणि दोन्ही प्रोग्राम ४५३२ पोर्टवर जोडा. एक पोर्ट दोघांनी थेट उघडला की भांडण ठरलेलं.

आवाजाचं एकच पथ्य, पण कडक: रिगचं साउंड कार्ड सिस्टिमचं मूळ आउटपुट होऊ देऊ नका. नाहीतर मेल आल्याची टिंगटिंग प्रक्षेपणाच्या ऐन मध्यात सात मेगाहर्ट्झवर जाते. पावूकंट्रोल या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मूळ आउटपुट एचडीएमआयवर ठेवा. रिगमध्ये 'डेटा मॉड' (प्रक्षेपणाचा आवाज कुठून घ्यायचा ते) यूएसबीवर हवा. मग अल्सामिक्सरमधली पातळी एएलसीची (प्रक्षेपणाची पातळी आवरणाऱ्या सर्किटची) पट्टी हलेनाशी होईपर्यंत खाली आणा. शंभर टक्क्यांवर ठेवलेला स्लायडर म्हणजे शेजाऱ्यांच्या वॉटरफॉलवर तुमच्या तीन-तीन रेघा.

बँड गर्दीचा असला की पाय ४ ला 'डीप' (सखोल) डिकोड झेपताना दम लागतो. प्रक्षेपण संपल्यापासून पुढचा फेरा सुरू व्हायला जेमतेम दोन सेकंद असतात, उत्तर उशिरा निघतं. 'नॉर्मल'वर ठेवल्यास काही क्षीण स्टेशनं सुटतात, पण क्यूएसओ अडत नाहीत. हा तोटा मान्य करण्यासारखा वाटतो.

प्रक्षेपण करताच कॅट तुटत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. डीमेसेज ही लिनक्सचे अंतर्गत संदेश दाखवणारी कमांड चालू ठेवून प्रक्षेपण करा. 'यूएसबी डिस्कनेक्ट' दिसलं तर आरएफ (प्रक्षेपणाची रेडिओ ऊर्जा) केबलीवर चढतोय. गच्चीवर एंडफेड (एका टोकाला जोडलेली तारेची अँटेना) लावणाऱ्यांना हा त्रास हमखास, कारण तिथे कोॲक्सचं (अँटेनाच्या केबलीचं) कवचच काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू) बनतं. एफटी२४०-३१ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) यूएसबी केबलीचे सहा-सात वेढे घ्या आणि तसाच चोक (आरएफ अडवणारी गुंडाळी) कोॲक्सवरही. केबलीवरची फेराइटची एक क्लिप ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) फारसं काही करत नाही.

पायचा वीजपुरवठा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा. व्हीसीजेनसीएमडी या पायवरच्या कमांडच्या 'गेट थ्रॉटल्ड'ला शून्य उत्तर आलं पाहिजे, म्हणजे व्होल्टेज कमी पडत नाही. रिगच्या १३.८ व्होल्टवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) लावणार असाल तर तो चालू-बंद करून रिगचा एस-मीटर (सिग्नलमापक) बघा. काही कन्व्हर्टर ४० मीटरवर दोन-तीन एस एकक गोंगाट भरतात, आणि मग डिकोड कमी झाल्याचं खापर अँटेनावर फुटतं.

काय जमत नाही? एन१एमएम हा स्पर्धांचा लॉगर फक्त विंडोजचा. ज्याला दर महिन्याला स्पर्धा खेळायची आहे त्याने विंडोजची मशीन ठेवावी. ७३०० चं फर्मवेअर मात्र एसडी कार्डावरून रिगमध्येच चढतं, त्याला संगणकच लागत नाही. एलओटीडब्ल्यूसाठी (संपर्कांच्या ऑनलाइन पडताळणीसाठी) लागणारं टीक्यूएसएल लिनक्सवर नीट चालतं.

भारनियमनाच्या भागात पायचं मायक्रोएसडी हा सगळ्यात कच्चा दुवा. लिहिता-लिहिता वीज गेली की फाइलसिस्टिम बिघडू शकते. लॉगची (संपर्कांच्या नोंदींची) एडीआय फाइल घरच्या फोल्डरमधल्या डॉट लोकल, शेअर, डब्ल्यूएसजेटी-एक्स इथे असते. तिची रोजची प्रत पेनड्राइव्हवर घेणारी क्रॉनची (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) एक ओळ पहिल्याच दिवशी लिहून टाका, आणि टीक्यूएसएलच्या प्रमाणपत्राची प्रतही तिथेच ठेवा.