नंदीचा काळा रंग: बोन ब्लॅक परदेशातून मागवावा की इतवारीतून काळा आणावा?

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणारे आमच्या वर्धा जिल्ह्यातले एक सुतारकाका यंदा परदेशी बोन ब्लॅक मागवायचं म्हणत होते. ओढ चुकीची नाही. बुबुळं आणि खूर रंगवताना हा काळा मऊ दिसतो, त्यात किंचित तपकिरी झाक असते. काजळीचा काळा त्यापुढे निळसर वाटतो. त्यांनी मला एकच विचारलं, "ड्यूटी किती लागन, बाबू?" हिशेब करत गेलो तेव्हा कळलं की ड्यूटीआधी पाहण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत.

सगळ्यात आधी नाव. बोन ब्लॅक म्हणजे बंद भट्टीत, हवेशिवाय जाळलेल्या हाडांचा कोळसा. त्यात कार्बन साधारण १० ते २० टक्केच. बाकी मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. कस्टम्स प्रत्येक मालाला टॅरिफच्या यादीतला एक क्रमांक, म्हणजे शीर्ष, देतं आणि ड्यूटी त्यावर ठरते. रंगासाठी वापरला तरी कस्टम्सच्या लेखी तो रंगद्रव्यांच्या शीर्ष ३२०६ मध्ये बसत नाही, कारण शीर्ष ३८०२ मध्ये प्राणिज काळ्याचं नाव थेट घेतलेलं आहे. भारतीय टॅरिफमध्ये त्याचा कोड ३८०२ ९० २०. कार्बन ब्लॅक (कारखान्यात बनवलेली काजळी) आणि साधी काजळी २८०३ मध्ये, काळं लोह ऑक्साइड २८२१ मध्ये. चित्रकाराच्या ट्यूबमध्ये भरलेला तयार रंग ३२१३ मध्ये. हाडं उघड्यावर जाळून उरलेली पांढरी राख पुन्हा वेगळी, ती २६२१ मध्ये. म्हणून विक्रेत्यानं बिलावर नुसतं 'ब्लॅक पिगमेंट' लिहिलं की अधिकाऱ्यापुढे चार वाटा उघडतात आणि पार्सल अडकतं. 'आयव्हरी ब्लॅक' हे जुनं नावही टाळा. आज त्या नावाखाली बहुतेक हाडांचाच कोळसा विकतात, पण हस्तिदंताचा शब्द दिसला की नको ते प्रश्न येतात.

तिन्ही काळे घरी ओळखता येतात. चिमूटभर पूड लोखंडी पळीत घेऊन उघड्या आगीवर लाल होईपर्यंत तापवा. बोन ब्लॅकची पांढरट राख उरते आणि ती भरपूर असते. कार्बन ब्लॅक जळून जवळजवळ काहीच उरत नाही. लोह ऑक्साइड तांबूस होतं, आणि तापवण्याआधी ते चुंबकाला धावून चिकटतं. माल हातात आल्यावर हे जरूर करून पाहा.

आता पैसे. मूळ सीमाशुल्क लागतं, त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि माल अधिक शुल्क अशा एकूण रकमेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. मूळ शुल्काचा दर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा कागद) भरण्याच्या दिवशीचा धरतात, म्हणून तो त्या वेळी कस्टम एजंटकडून पक्का करून घ्या. हिशेबापुरता ७.५ टक्के धरू. माल १०,००० रुपयांचा, विमानाचं भाडं ८,०००. विमानानं आलेल्या मालात भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मूल्यात धरतात, म्हणून करपात्र मूल्य १२,००० (विमा किरकोळ, तो सोडला). मूळ शुल्क ९००, अधिभार ९०, आयजीएसटी सुमारे २,३३८. एकूण कर ३,३२८ रुपये. म्हणजे खिशाला खरी कात्री भाडं लावतं, ड्यूटी नव्हे. त्यावर एजंटची फी आणि आयात-निर्यात कोड काढायची धावपळ.

इथे जीएसटी नोंदणीचा फरक पडतो. नोंदणी असेल तर आयजीएसटी पुढच्या विक्रीत वळता होतो, आणि वरच्या हिशेबात अंगावर राहतात ते फक्त ९९० रुपये. कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) असाल किंवा नोंदणीच नसेल, तर सगळे ३,३२८ तुमचे. काकांची नोंदणी नाही. गावातल्या बहुतेक कारागिरांची नसते.

कार्बन ब्लॅक आणि लोह ऑक्साइड नागपुरात इतवारीत किलोवर मिळतं. कार्बन ब्लॅकची चिमूट पुरते, पण पूड इतकी हलकी की खोलीभर उडते; तोंडाला फडकं बांधल्याशिवाय डबा उघडू नका. लोह ऑक्साइड जड आणि उन्हाला पक्कं. एका हातात लाकूड झाकतं. शिंगाखुरांना मी तेच सुचवीन.

एक गोष्ट पैशांच्या पलीकडची आहे आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. बोन ब्लॅक बहुतेक गुरांच्या हाडांचा असतो. तान्ह्या पोळ्याला पोरं हाच नंदी सजवून घरोघरी नेतात, त्याची पूजा होते. त्याच्या डोळ्यांत हाडांचा कोळसा आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता विकणं मला पटत नाही. सांगून विकलं तर किती जण घेतील, हे काकांनीच ठरवावं. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्याला किंवा तैलचित्रं काढणाऱ्याला ही अडचण नाही. त्यांनी नोंदणी असेल तर दोन-तीन जणांत मिळून मागवावा. बिलावर 'बोन ब्लॅक, प्राणिज, पावडर, मिश्रण नाही' एवढं स्पष्ट लिहून घ्यावं, कारण दुसरं रंगद्रव्य मिसळलं की कोड बदलू शकतो.

काकांनी शेवटी लोह ऑक्साइड आणलं. बुबुळांसाठी काकूंनी तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली पालथी धरून काजळी उतरवली आणि डिंकाच्या पाण्यात खलली. झाक थोडी निळसर आली, म्हणून काका त्यात गेरूचा कण घालून बघताहेत.