केएफमधला एफ : एडिटिंग मशीनचा अकरा महिन्यांचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात माझ्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड गेलं. पंखे फिरत होते, कीबोर्डचा दिवा लागत होता, स्क्रीन मात्र काळी. मे महिन्यातल्या दोन लग्नांच्या फिल्म्स, एका नाटकाचं रेकॉर्डिंग आणि एका हातमाग दुकानाची जाहिरात, सगळं आत अडकलेलं. चतुर्थी तोंडावर. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर कार्ड काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला वायर लावली असती आणि निदान कटिंग चालू राहिलं असतं. माझ्याकडे तेही जमलं नाही, कारण माझ्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ होता.

मशीन ऑक्टोबरात जुळवून घेतलं. आय-७ १४७००केएफ, ३२ जीबी रॅम, १२ जीबीचं कार्ड, २ टीबीची वेगवान एनव्हीएमई डिस्क. रिझॉल्व्ह स्टुडिओ, म्हणजे माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, आधीच घेतलेलं होतं. २९५ डॉलर एकदाच भरायचे, दरवर्षीचं भाडं नाही, म्हणून तो खर्च मला कधी बोचला नाही. बिल करताना के आणि केएफ यांत २,२०० रुपयांचा फरक निघाला. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, एवढं मला माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "कार्ड घेतात मरे, मागीर फुकट पयशे कित्याक घालतात?" (कार्ड घेताय ना, मग फुकट पैसे कशाला घालता?) मलाही पटलं. त्या २,२०० रुपयांत यूपीएस मोठा घेतला.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना हेच मशीन घ्या म्हणून सांगत होतो. डिसेंबरात जत्रेची रात्र शूट केली होती. दीपस्तंभाच्या उजेडात काढलेले चेहरे, आयएसओ वर नेलेला, सावल्यांत नुसती रवाळ खसखस. त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेम बघून ती खसखस काढणं) लावलं की जुनं मशीन मान टाकायचं, 'जीपीयू मेमरी फुल' ही पाटी तर पाठ झाली होती. १२ जीबीवर ते काम निभावलं. ग्रेडिंगचे, म्हणजे रंग बसवायचे, नोड कितीही चढवा, कार्ड हूं की चूं करत नव्हतं.

कुरबुर सुरू झाली ती कॅमेरा बदलल्यावर. नव्या कॅमेऱ्यात ४के, ५० फ्रेम, १० बिट, ४:२:२, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). हा फॉरमॅट मी हौसेने निवडला नव्हता. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी होते, ४:२:२ मध्ये फक्त आडवी. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात नाटक शूट करताना निळा एलईडी लाइट थेट नटाच्या गालावर पडला, तर त्या निळ्याला धरून वेगळं करताना हा फरक डोळ्यांना दिसतो. कुणबी साडीच्या लाल चौकटी घ्या. ४:२:० मध्ये लालाची कड पांढऱ्या रेघेत फुटते, आणि थोडं सॅच्युरेशन वाढवलं की तिथे दातरी पडते.

पण हेच फुटेज टाइमलाइनवर टाकलं की चित्र अडखळायचं. आवाज पुढे, चित्र मागे. दोन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम लावला तर सेकंदाला सात-आठ फ्रेम. मी आधी रॅमला दोष दिला, ३२ ची ६४ केली. मग डिस्कवर संशय गेला. ते तर साधं गणित होतं: कॅमेऱ्याचे २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी, तासाला ९० जीबी. एनव्हीएमईला ते काहीच नाही. टास्क मॅनेजर उघडून बघितला तेव्हा समजलं. प्रोसेसर ९० टक्क्यांवर आणि कार्डाचा व्हिडिओ डीकोड शून्य. माझ्या पिढीच्या कार्डात ४:२:२ उलगडायची सोयच नव्हती. एनव्हिडियात ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये, म्हणजे व्हिडिओ उलगडायच्या त्यांच्या सोयीत, मात्र एच.२६५ चं १० बिट ४:२:२ अकराव्या पिढीपासून आहे. आणि क्विक सिंक राहतं कुठे? त्याच प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये, जे मी २,२०० रुपये वाचवायला सोडून आलो होतो.

सहा महिने मी प्रॉक्सीवर, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतींवर, काढले. प्रॉक्सी जनरेटर चांगलं आहे, रात्री लावून झोपायचं, सकाळी फाइल तयार. पण पावसात रात्री वीज किती वेळा जाते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. यूपीएस पंधरा मिनिटं धरतो, पुढे अर्धवट फाइल.

मग कार्ड गेलं, आणि भांडण सुरू झालं. पणजीला काउंटरवर दिलं, त्यांनी मुंबईला पाठवलं, नऊ दिवसांनी उत्तर: "कार्डावर गंज आहे, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." फोटो मागवला. गंज होता लोखंडी पट्टीच्या दोन स्क्रूंना, जी पट्टी कॅबिनेटला घट्ट बसते तिला. बोर्डावर एक ठिपका नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि समुद्राची खारी हवा खाणाऱ्या राज्यात स्क्रूला गंज चढला म्हणून चिपची वॉरंटी जाते, हे मी मान्य करणार नव्हतो. वॉरंटीच्या कागदात गंज हा शब्द कुठे आहे ते दाखवा, असं लेखी विचारलं. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक ईमेलमध्ये घातला. चोवीसाव्या दिवशी कार्ड दुरुस्त होऊन आलं. त्यामुळे कार्ड घेतल्या दिवशीच सगळ्या बाजूंनी, स्क्रूसकट, फोटो काढून ठेवा. माझ्याकडे ऑक्टोबरातले होते म्हणून बोलता आलं.

त्या चोवीस दिवसांत एका मित्राचं जुनं २ जीबीचं कार्ड लावून बघितलं. विंडोज उघडलं, रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट उघडेना. लग्नाच्या एका पार्टीला तारीख पुढे ढकलावी लागली. मुलीची आई फोनवर शांतपणे म्हणाली, "दादा, ती परत जायच्या आधी एकदा बघितली असती." ती मुलगी दुबईला गेली, फिल्म तिला लिंकवर गेली. एवढं मला लागलं.

शेवटी दहाव्या दिवशी प्रोसेसर बदलला. १४७००के, एफ नसलेला. जुना पडत्या भावात विकला, सगळा हिशेब करून ९,००० रुपये अंगावर आले. सॉकेट तेच, त्यामुळे मदरबोर्ड वाचला. (तेराव्या-चौदाव्या पिढीचा के घेत असाल तर बायोस (मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) ऑगस्ट २०२४ नंतरचं टाका, व्होल्टेजच्या दोषावरची दुरुस्ती त्यात आहे.) मदरबोर्डला वायर लावली आणि चित्र आलं. कार्ड नसताना ग्रेडिंग करता येत नव्हतं, पण कटिंग सुरू झालं, आणि ते ४:२:२ फुटेज, प्रॉक्सीशिवाय, पाण्यासारखं वाहत होतं. मी दोन्ही कॅमेरे लावले, तिसरा लावला. मला त्या क्षणी आनंदापेक्षा रागच जास्त आला, कारण हे ऑक्टोबरपासून माझं असायला हवं होतं.

कार्ड परत बसवल्यावर एक गोष्ट करावी लागते: बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं. बरेच बोर्ड कार्ड दिसलं की ते आपोआप बंद करतात. मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डीकोडच्या खाली क्विक सिंकची खूण. हे न केल्यामुळे के असूनही अडखळणारी दोन मशीन्स मी गेल्या महिन्यात म्हापशाला पाहिली.

आता माझं आधीचं मत बदललंय. ऑक्टोबरात मी म्हणत होतो, मॅक कशाला, पैसे फुकट. आज जो फक्त लग्नं आणि रील कापतो, त्याला मी ॲपलचा एम४ चिपवाला मॅक मिनी सांगेन. ४:२:२ तो एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींत उलगडतो, जे माझ्या पिढीच्या क्विक सिंकलाही पूर्ण जमत नाही, एच.२६४ चं ४:२:२ तिथे प्रोसेसरवरच पडतं. मात्र रॅम नंतर वाढवता येत नाही, ती घेतानाच बघून घ्या. जड नॉइज रिडक्शन करणाऱ्याने अजूनही पीसीच घ्यावा. एएमडीचा रायझन ७००० (तिथेही एफ नसलेला) घेतलात तर कार्ड गेल्यावर चित्र येईल, पण ४:२:२ ची मदत मिळणार नाही.

दमट हवेचं म्हणाल तर चालू मशीनला धोका कमी, ते गरम असतं. धोका असतो रात्री एसी बंद करून खिडकी उघडता तेव्हा. गार धातूवर बाहेरची ओली हवा बसते. मी एसी बंद केल्यावर तासभर खोली बंदच ठेवतो. बॅकअपच्या हार्ड डिस्क लेन्सच्याच कपाटात, झीरोच्या बल्बजवळ.

मदरबोर्डच्या त्या एचडीएमआयला आता एक जुना मॉनिटर कायमचा जोडून ठेवलाय. त्यावर फक्त स्कोप, म्हणजे रंग आणि उजेड मोजणारे आलेख, असतात. काल हातमागाच्या जाहिरातीत कुणबी लाल बसवत होतो, व्हेक्टरस्कोपवर लालाचं टोक तिथे थरथरत होतं, आणि तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन एकदाही थांबली नाही.