स्पोर्ट सीट बसवताय? आधी सीटखाली पाहा

अंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे आले तेव्हा गाडीच्या पुढच्या दोन्ही सीट बदलायचं ठरवलं. रोजची परतवाड्याची ये-जा, त्यात कंबरेचं दुखणं. दोन्ही कुशींतून धरून ठेवणारी सीट मला हवीच होती.

अमरावतीच्या एका दुकानात स्पोर्ट कारच्या वापरलेल्या दोन सीट मिळाल्या, मागे कलणाऱ्या, पुढे-मागे सरकणाऱ्या. सीटबद्दल माझी आजही तक्रार नाही. फसवणूक झाली ती सीट आणि गाडीचा तळ यांच्यामधल्या वीतभर जागेत. एका गाडीची सीट दुसऱ्या गाडीच्या भोकांवर बसत नाही, खाली वेगळी फ्रेम लागते. ती फ्रेम, दोन्ही बाजूंनी लॉक होणारे स्लायडर आणि फिटिंग, असे दुकानदाराने साडेनऊ हजार घेतले. "भाऊ, तीन एमएमची प्लेट हाय. हत्ती बसोला तरी हालनार नाई." मॅटिंग अंथरून गाडी हातात दिली. मी खाली वाकून पाहिलं नाही.

आठवडाभरातच वळणावर सीट किंचित दाराकडे जायची, टक्‌ आवाज यायचा. फोन केला तर म्हणे, स्लायडरमध्ये एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहतोच. मी विश्वास ठेवला.

मग बाबांना घेऊन चिखलदऱ्याला निघालो. घाटात एका उजव्या वळणावर बाबांची सीट दाराकडे झुकली, खालून कडकन आवाज आला आणि ती परत सरळ झालीच नाही. बाबांचा खांदा काचेला टेकलेला, एक हात वरच्या हँडलला, दुसऱ्याने माझं मनगट धरलेलं. "थांबव," एवढंच म्हणाले. त्यांना मागे बसवून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी खाली आणली.

दुसऱ्या दिवशी लेथवाल्या काकांकडे सीट उतरवली. काकांनी फ्रेमला जाडी मोजायचं व्हर्निअर लावलं: १.६ मिमी. सोळा गेजचा पत्रा! कडा दुमडून वर जाड काळा रंग मारलेला, म्हणून बाहेरून प्लेट वाटत होती. बोल्ट ६ मिमीचे, डोक्यावर मजबुतीचा काहीच छाप नाही. भोकं जुळली नाहीत म्हणून ग्राइंडरने लांबट केलेली, त्यातल्या एकाची कड फाटलेली. स्लायडरचा लॉक एकाच बाजूला, दुसरी बाजू नुसती सरकती. आणि माझ्या गाडीत सीटबेल्टचं बकल सीटच्या फ्रेमलाच येतं. म्हणजे गाडी कुठे धडकली असती तर बाबांचा सगळा भार त्या पत्र्यावर होता. हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

मूळ खोट मात्र वेगळीच होती. काकांनी फ्रेम जमिनीवर ठेवून एका हाताने लोटली. "पाय ढिले झालेली बाज पाह्यली ना? तसंच हाय हे. उभे पाय हायेत, आडवी पट्टी हाय, तिरपी कुठी हाय? चौकोन लोटला का कलतेच." शेताच्या फाटकाला आपण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टी मारतो ती याचसाठी. त्यांनी ४ मिमी प्लेटचे नवे पाय केले, दोन्ही बाजू पुढून-मागून पाइपने जोडल्या आणि मागच्या बाजूला एका पायाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या पायाच्या बुडापर्यंत तिरपी पट्टी वेल्ड केली. पट्टी स्लायडरच्या खालीच ठेवली, त्यामुळे सीट पूर्वीसारखी सरकते. आडवं हलणं मात्र थांबलं.

रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक मोटार संघटनेचा नियम आहे: सीटखालचं पोलादी ब्रॅकेट किमान ३ मिमी जाड, हलक्या धातूचं असेल तर ५ मिमी, आणि प्रत्येक सीटला किमान चार ठिकाणी ८ मिमीचे बोल्ट. दुकानदार तीनचा आकडा सांगत होता तो इथूनच उचललेला असावा. तेव्हा मॅटिंग टाकायच्या आधी व्हर्निअर लावून घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का पाहा. सीटची पाठ वरून धरून बाजूला लोटा आणि दुसरा हात खाली ठेवा. स्लायडर हलतोय की पाय वाकतोय ते बोटांना लगेच कळतं. ज्यांच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे त्यांनी सीट बदलूच नये, सीट गेली की एअरबॅगही जाते.

पैसे मागायला गेलो तर दुकानदार माझाच कागद दाखवू लागला. कच्चं बिल, त्यावर फक्त 'सीट फिटिंग'. जाडी नाही, लॉक नाही, काही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. काढलेली फ्रेम आणि तिचे फोटो मी जपून ठेवलेत. पैसे अजून मिळालेले नाहीत.

मी गेलो त्या दिवशी काउंटरवर तशाच काळ्या रंगाच्या दोन फ्रेम होत्या, आणि चांदूरबाजारकडचा एक मुलगा त्यातली एक निवडत होता. दुकानदारासमोरच मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून हसला आणि म्हणाला, "काका, माझी गाडी घाटात जातच नाई." दादा, तू हे वाचत असशील तर आज सीट उतरवून घे. वळणं परतवाड्याच्या रस्त्यावरही आहेत.