आरएक्स १०० घेताय? आधी मूळ मालकाचं गाव गाठा

जुन्या गाड्यांचा नाद मला बाबांच्या राजदूतपासून लागला. पुढे येझदी आली, बुलेट आली. यामाहा आरएक्स १०० मात्र मनासारखी मिळत नव्हती. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती निघाली, त्यामुळे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एखादी चांगली गाडी विकायला निघाली की नागपूर-अमरावतीचे लोक लगेच उचलून नेतात. गिऱ्हाइकाची ही घाई काही लोकांनी बरोबर हेरली आहे.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दलालानं गाडी दाखवली. काळी टाकी, चकचकीत सायलेन्सर, पहिल्या किकला चालू. "मालकाच्या पोरीचं लगन हाय भाऊ, नाही तं त्यानं देल्लीच नसती." आरसी बुक, गाडी नावावर करायचे मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, ताजा इन्शुरन्स, सगळं हजर. गाडीची नोंद दाखवणाऱ्या ॲपवर नंबर टाकला तर तिथेही आरएक्स १००च दिसली. नव्वद हजार रोख मोजले.

गाडी १५ वर्षांवरची, म्हणून नावावर करताना आरटीओत फेरनोंदणीची तपासणीही होती. साहेबांनी हँडलखाली सांगाड्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. सुरुवातीचं '१एल१' सरळ उमटलं, आरएक्स १००चा नंबर तसाच सुरू होतो. पुढचे आकडे मात्र वरखाली. सात खोल रुतलेला, तीन नुसता ओरखडा. रंग खरवडला तर खाली ग्राइंडरनं घासलेलं लोखंड. कागद एका गाडीचे आणि चेसिस दुसऱ्याच गाडीची!

तसाच आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. मालकाचा मुलगा भेटला. "बाबा जाऊन लय वर्षं झाले. गाडी कबाडीवाल्याले देल्ली, कागदासकट." मग फॉर्मवर सही कोणाची? मालक वारला असेल तर वारसाला फॉर्म ३१ भरावा लागतो. गेलेल्या माणसाच्या सहीचा ताजा २९ नंबरचा फॉर्म म्हणजे सरळ खोटा कागद.

धंदा असा चालतो: भंगारातल्या गाडीचे कागद घ्यायचे, दुसऱ्या गाडीचा नंबर घासायचा आणि हे आकडे ठोकायचे. ती दुसरी गाडी बहुधा चोरीची. चोरीचा माल बाळगण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, आणि आपल्याला काहीच माहीत नव्हतं हे ठाण्यात आपणच सांगत बसायचं. पैसे गेल्यापेक्षा मला हे जास्त लागलं. गाडीवर जीव लावणाऱ्या माणसाला हे लोक चोरांच्या रांगेत उभं करतात.

म्हणून पोरांनो, टाकीचा रंग नंतर पाहा. आधी कागद-पेन्सिल घेऊन चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबरांचे ठसे स्वतः काढा. कोणी '९८चं मॉडेल आहे म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पैसे बँकेतून द्या, तेही मालकाच्याच खात्यात. आणि दलाल कितीही "मी हाय ना" म्हणाला तरी मालकाच्या घरी जाऊनच या.

मी तक्रार दिली आहे, गाडी ठाण्यात जमा आहे, दलालाचा फोन बंद. परवा आर्णीकडच्या एका पोराला अशीच गाडी, अशीच लग्नाची गोष्ट सांगून दाखवली. इसार देण्याआधी मी त्याला आरसीवरच्या गावी पाठवलं. तिथं मालक जिवंत होता, आणि त्याच नंबरची गाडी त्याच्या गोठ्यात उभी होती.