मोस्तोलेस: माद्रिदच्या लोकलने जावं का?

माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून सी-५ लोकल पकडली की थेट मोस्तोलेस, माद्रिदजवळचं उपनगर. टुरिस्ट सहसा इकडे फिरकत नाहीत, आणि विटांच्या एकसारख्या इमारती बघून त्यांचं फार चुकतं असंही नाही. पण 'सेंत्रो दे आर्ते दोस दे मायो'! २००८ साली सुरू झालेलं समकालीन कलेचं संग्रहालय, तेही फुकट. माद्रिदमधल्या रांगांनंतर इथे अख्ख्या दालनात मी आणि सुरक्षारक्षक, दोघंच. नाव २ मे १८०८ वरून: त्या दिवशी इथल्या दोन महापौरांनी नेपोलियनच्या फौजेविरुद्ध उठावाची हाक दिली. त्यातल्या आंद्रेस तोरेखोनचा पुतळाही गावात आहे. जेवण मात्र रडकं. एका बारमध्ये 'शाकाहारी' सँडविचमधून चक्क टूना निघाला. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.