अलेक्झांडर टेक्निक आणि ‘स्टॅट’: काही महिने शिकल्यानंतर

ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ हे बिरुद कायद्यानं राखीव आहे. नोंदणी नसताना ते लावलं तर गुन्हा होतो. अलेक्झांडर टेक्निक म्हणजे बसता-उठताना शरीर नकळत आवळायच्या सवयी ओळखून सोडायला शिकवणारी पद्धत. तिच्या शिक्षकाला असं काही बंधन नाही. शनिवार-रविवारचं शिबिर करून सोमवारी दारावर पाटी लावली तरी कायदा आडवा येत नाही. म्हणून शिकवण्याइतकंच, शिकवणाऱ्यामागे उभ्या असलेल्या संस्थेबद्दलही लिहिते. ती संस्था म्हणजे ‘सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ द अलेक्झांडर टेक्निक’, थोडक्यात स्टॅट.

मी लंडनमध्ये हॅरोला राहते, काम अकाउंट्सचं. आठवडाभर खुर्ची आणि सुट्टीच्या दिवशी भजनाला पेटी घेऊन मांडी घालून बसणं. कंबर वरचेवर धरायची. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, फिजिओचे व्यायाम झाले, त्यानं थोडा फरकही पडला. पण खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावायची सवय काही जाईना. महाराष्ट्र मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंनी अलेक्झांडर टेक्निकचं नाव काढलं आणि सोबत बजावलं, “शिक्षक मात्र स्टॅटच्या यादीतूनच घे.”

ज्याच्या नावाची ही पद्धत, तो अलेक्झांडर मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, जन्म 1869 चा. व्यवसायानं काव्य-नाट्यवाचन करणारा. रंगमंचावर त्याचा आवाज बसायचा आणि डॉक्टरांना नेमकं कारण सापडेना. मग त्यानं आरसे लावून स्वतःलाच न्याहाळलं. बोलायला सुरुवात करताच आपण डोकं मागे ओढतो, घसा आवळतो, हे त्याच्या लक्षात आलं. 1904 मध्ये तो लंडनला आला, 1931 मध्ये शिक्षक घडवायचा वर्ग सुरू केला, 1955 मध्ये गेला. स्टॅटची स्थापना त्यानंतरची, 1958 सालची. गुरू गेल्यावर घराण्यात ‘खरी तालीम कुणाची’ हा वाद आपल्याला नवा नाही. इथं तो मिटवायचा रस्ता म्हणून शिक्षणाचे तास ठरवून टाकले: किमान तीन वर्षं, 1600 तास, आणि त्यातला बहुतेक वेळ प्रत्यक्ष हाताखाली शिकण्यात. तरी सगळे एका छताखाली आलेच नाहीत. ब्रिटनमध्ये आणखी दोन-तीन संघटना आहेत, प्रत्येकीची पद्धत थोडी वेगळी. नवख्या माणसाचा इथं पुरता गोंधळ उडतो.

स्टॅटची यादी वापरायला सोपी आहे. पोस्टकोड टाकला की जवळपासचे शिक्षक दिसतात. यादीतल्या शिक्षकाला आचारसंहिता पाळावी लागते, व्यवसायाचा विमा काढावा लागतो, आणि तक्रार करायची वेळ आलीच तर ती करायला एक जागा असते. कागदावर हे रुक्ष वाटतं. पण अनोळखी माणूस तुमच्या मानेला हात लावणार असतो तेव्हा त्याचं मोल कळतं. माझ्या शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी दुखण्याचा पूर्वेतिहास विचारला, हात कुठे लावणार ते आधी सांगितलं, आणि “मी उपचार करत नाही, शिकवते” हे स्पष्ट केलं. औषधं बंद करा, अमुक दिवसांत बरं करते, असलं काही नाही. आपल्याकडे योगाच्या नावाखाली मधुमेहापासून थायरॉइडपर्यंत सगळं पळवून लावणाऱ्यांची सवय झालेल्या माझ्या कानांना हे फार बरं वाटलं.

शिकणं मात्र विचित्र. पहिले कितीतरी धडे खुर्चीवर बसण्या-उठण्यातच गेले. शिक्षिकेचा हात मानेमागे, कवटीच्या कडेखाली, इतका हलका की आहे की नाही कळू नये. ती म्हणायची, “उठू नका, फक्त उठायचा विचार करा.” आणि तेवढ्या विचारानंच माझी हनुवटी वर जायची, मान मागे दबायची. तिच्या हाताला ते माझ्या आधी कळायचं. ताठ बसा, खांदे मागे, असं ती एकदाही म्हणाली नाही. जे करता ते आधी थांबवा, एवढंच. शाळेत पाठीत धपाटा घालून ‘सरळ बस’ सांगणाऱ्या बाईंच्या वर्गात वाढलेल्या मला ते पचायला वेळ लागला.

घरचा अभ्यास एकच: गुडघे वर घेऊन पाठीवर पडून राहायचं, डोळे उघडे, डोक्याखाली पुस्तकं. किती जाड, ते प्रत्येकाच्या मानेवर ठरतं. माझ्या उंचीला दोन जुने दिवाळी अंक बरोबर बसतात. तिसरा ठेवला की हनुवटी छातीला टेकते.

मला खरी गंमत वाटली ती पेटीची. एकदा ती धड्याला घेऊनच गेले. शिक्षिकेनं हे वाद्य जवळून पाहिलेलं नव्हतं. मी भाता ओढायला डावा हात टाकला आणि तिनं थांबवलं. भाता हलायच्या आधीच माझा डावा खांदा कानाकडे चढत होता आणि श्वास अडकत होता. इतकी वर्षं वाजवते, कुणी सांगितलं नव्हतं, मला जाणवलंही नव्हतं. आता अभंग संपल्यावर खांदा पूर्वीसारखा भरून येत नाही.

पैशाचं बोलते. शिक्षक फी स्वतः ठरवतात, त्यामुळे फोन करून विचारावी लागते. मला अर्ध्या-पाऊण तासाला पन्नासेक पौंड पडतात आणि सरकारी आरोग्यसेवेतून हे सहसा मिळत नाही. म्हणून 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली चाचणी मी लक्षपूर्वक वाचली. जुनाट कंबरदुखीचे 579 रुग्ण होते. वर्षानंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत साधारण 21 दिवस दुखत होतं, अलेक्झांडरचे 24 धडे घेतलेल्यांना 3 दिवस, आणि 6 धडे घेतलेल्यांना 11. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला महत्त्वाचं पुढचं वाक्य: 6 धड्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्याच्या व्यायामाची जोड दिली, तर 24 धड्यांच्या फायद्यापैकी बराचसा पदरात पडतो. अर्थात ही एक चाचणी आहे आणि कंबरेपुरती. दमा, नैराश्य, सगळ्यावर हेच औषध असं कुणी म्हणालं तर यादीतलं असो वा नसो, तिथून उठावं.

यादीची मर्यादाही सांगते. शिक्षक शिकलेला आहे एवढंच तिच्यातून कळतं, तुमच्याशी जमेल का ते कळत नाही. दोघा-तिघांकडे एकेक धडा घेऊन मग ठरवा. लंडनमध्ये शिक्षक भरपूर आहेत, लहान गावात राहत असाल तर मात्र प्रवास धरून हिशेब करा. पुण्याची माझी बहीण ऑनलाइन जमेल का विचारते. तोंडओळख होईल, पडून राहायचा अभ्यासही होईल. पण माझा खांदा पकडला तो हातानं, स्क्रीनवरून तो कितपत सापडला असता याची मला शंकाच आहे. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींसाठी तिथल्या अशाच राष्ट्रीय संघटना आहेत, त्यांच्या याद्या बघा.

आणि हातापायाला मुंग्या येत असतील, जोर कमी झाला असेल, तर आधी डॉक्टर. मी हल्ली महिन्यातून एकदाच धड्याला जाते आणि रोज चालते. टेबलाचा आधार न घेता उठता येतं, पण बॅलन्स शीटच्या दिवसांत कंबर अजूनही कुरकुरते.