चोर्ला घाटात पारखलेली डिझेल पिकअप

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला भाजीपाला चोर्ला घाटातून गोव्याला पोहोचवणे हा आमचा घरचा व्यवसाय आहे. त्यासाठी आम्ही आजवर दोन देशी डिझेल पिकअप वापरल्या; पहिली बीएस-3 काळातली होती आणि दुसरी 2021 साली घेतलेली बीएस-6 आहे (बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचे सरकारी निकष; आकडा मोठा तितका निकष कडक). दोन्हींच्या कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या अडचणी एका कंपनीच्या नसून काही आमच्या वापरामुळे आल्या आणि काही या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडतात.

शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी किंमत विचारते आणि मग अ‍ॅव्हरेज. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते हे, की गाडी बंद पडली तर तिचा पार्ट बेळगावात त्याच दिवशी मिळतो का. कोबी आणि हिरवी मिरची शेतातून निघाल्यावर सकाळी सहाच्या आत गोव्याच्या बाजारात उतरली नाही, तर भाव निम्म्यावर येतो, आणि सीझनमध्ये गाडी तीन दिवस उभी राहिली की लिटरमागे वाचवलेला एखादा किलोमीटर वर्षभर पळूनही भरून निघत नाही.

या हिशेबात आमची जुनी गाडी फार सरस होती. डिझेलच्या लाइनने एअर धरली, तर ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला हातपंप मारून ती काढत असे. नोझल, पंप, क्लच प्लेट ही सगळी कामे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपासचे मिस्त्री पान्यांच्या जोरावर करून देत. नव्या गाडीत कॉमन रेल इंजिन (ज्यात डिझेल फार दाबाने आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने सोडले जाते) आणि सेन्सर आले, आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर डिझेल पिकअपची विश्वासार्हता इंजिनाइतकीच या फिल्टरवर अवलंबून राहिली आहे, आणि घेणाऱ्याला ही गोष्ट कोणी नीट समजावून सांगत नाही.

आम्हाला ती पहिल्याच पावसाळ्यात शिकावी लागली. त्या दोन महिन्यांत गोव्याच्या फेऱ्या कमी होत्या आणि गाडी गाव ते एपीएमसी, म्हणजे बाजार समिती, अशा दहा-बारा किलोमीटरच्या खेपा करत होती. या वापरात सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जात नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, ड्रायव्हरने तो चार दिवस अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी गाडीचा जोर गेला. शहरातल्या एका वर्कशॉपने पूर्ण फिल्टर बदलायला सांगून जो आकडा दिला, तो ऐकून आम्ही गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या एका मिस्त्रीने स्कॅनर लावून गाडी उभ्यानेच तापवली, काजळी जाळून फिल्टर मोकळा केला आणि एवढेच म्हणाला, "मालक, हिला आठवड्यातनं एकदा हायवेला सोडत जावा." तेव्हापासून दर रविवारी गाडी काकतीहून राष्ट्रीय महामार्ग 48 वर संकेश्वरपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन येते, आणि तो दिवा पुन्हा लागलेला नाही. ज्यांची गाडी फक्त शहरात आणि गल्लीबोळात फिरणार आहे, त्यांनी डिझेलऐवजी सीएनजीचा पर्याय तपासून पाहावा, असे मी मनापासून सांगतो.

बाजारातल्या गाड्यांपैकी महिंद्रा बोलेरो पिकअपचे 2523 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन घाटासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण भरलेली गाडी चढावर फार रेस न करता ओढते. तिच्यात 1300 आणि 1700 किलो वजन पेलणारे प्रकार मिळतात. टाटा योद्धाचे इंजिन 2.2 लिटरचे असून 2022 साली आलेली योद्धा 2.0 दोन टन भरते. टाटा इंट्रा व्ही50 दीड टनाची आहे. अशोक लेलँडची बडा दोस्त 2020 साली आली आणि तिचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन 80 अश्वशक्तीचे आहे. सपाट रस्त्यावर, म्हणजे निपाणी-कोल्हापूर अशा खेपांना, लहान इंजिनाच्या गाड्या डिझेल वाचवतात. चपट्या नाकाच्या गाडीला हौदा लांब मिळतो, पण इंजिन सीटखाली असल्याने लहानसहान कामालाही सीट उचलावी लागते. बॉनेटच्या गाडीचे इंजिन मिस्त्रीला उभ्याने दिसते, म्हणून माझा कल तिकडे आहे.

वजनाच्या बाबतीत सीमाभागातल्या माणसाने आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, नीट वाचावी. भरलेल्या गाडीचे एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. ज्याची गाडी एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तीन राज्ये पाहते, त्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. त्याउलट ओव्हरलोडला 2019 च्या सुधारित कायद्यात 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. दंड चुकला तरी जादा वजनाची किंमत गाडी वसूल करतेच. पंचवीस किलोचे बावन्न क्रेट म्हणजे बरोबर 1300 किलो. आम्ही जुन्या गाडीत सत्तर-सत्तर भरत होतो, आणि दोन वर्षांत तिचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले, एकदा जांबोटीच्या पुढे मेन पाटा तुटला आणि उतारावर ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये येऊ लागला. नव्या गाडीत बावन्नच्या वर क्रेट चढवत नाही आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. 90,000 किलोमीटर होऊनही मूळचे पाटे टिकून आहेत आणि क्लच प्लेट एकदाच बदलली आहे. भरलेली असताना ती लिटरला साडेबारा देते, घाट धरून अकरा.

पत्र्याबद्दल मात्र मी समाधानी नाही. परतीच्या भाड्यात मासळी आणली की बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून चासीवर उतरते, आणि तिसऱ्या वर्षी मागच्या चाकांवरचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जाऊ लागला. आता हौद्यात रबरी मॅट आहे आणि प्रत्येक खेपेनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली जाते.

सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने नवी गाडी पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे. जुनी घेणाऱ्याने मात्र केए-22 ची, म्हणजे बेळगावात नोंदलेली, गाडी कोल्हापूरकडे नेताना एनओसी, तिकडचा टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च किमतीत आधीच धरावा, आणि आठ वर्षांनंतर फिटनेसचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो हेही लक्षात ठेवावे. आमची पुढची गाडीही बॉनेटची आणि 1300 किलोचीच असेल. फरक इतकाच, की डिलिव्हरीच्याच दिवशी, पहिला क्रेट चढण्याआधी, तिच्या चासीला गंजरोधक कोटिंग मारून घेणार आहे.